डावीकडचं बेअरिंग

१

बर्फ वितळायला लागलं की ऑरिन ब्रेकी दोन कामं करायचा. चर्चमध्ये जाऊन देवाचे आभार मानायचा आणि शेडमध्ये जाऊन ट्रेलरची बेअरिंगं उघडायचा. यातलं पहिलं काम एखाद्या वर्षी राहून गेलं तरी त्याला चालायचं.

ट्रेलर म्हणजे गाडीमागं जोडून न्यायचं चाकांवरचं घर. एक आस, दोन चाकं, आत पलंग, जेवायचं टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि खिडक्यांना मार्डेलनं शिवलेले पिवळे पडदे. लग्न झालं त्या वर्षी नवराबायकोनं तो जुनाच विकत घेतला आणि त्याच उन्हाळ्यात दोघं समुद्र बघायला पश्चिमेकडं निघाली. नॉर्थ डकोटा मागं पडलं, माँटॅना अर्धं संपलं, आणि गाडी चालवणाऱ्या ऑरिनला डाव्या हाताला एक चाक दिसलं. एकटंच, मजेत पुढं धावत चाललेलं.

"हे कुणाचं गं?" त्यानं मार्डेलला विचारलं. तेवढ्यात मागून आस रस्त्यावर घासल्याचा आवाज आला.

डावीकडचं बेअरिंग जळालं होतं. दोघांना खरचटलंसुद्धा नाही. पण ऑरिनच्या आत काहीतरी निखळलं ते निखळलंच. त्यानंतर समुद्राचं नाव निघालं नाही. दर उन्हाळ्यात तासाभरावरच्या तळ्याकाठी जायचं, तेही थांबत थांबत. ऑरिन उतरायचा, कंबरेवर हात ठेवून वाकायचा आणि चाकाच्या मधोमध, जिथं आत बेअरिंग बसतं त्या हबवर तळहात टेकवायचा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर बेअरिंग गेलं. मग पलीकडच्या चाकाशी जाऊन तेच. परत गाडीत बसला की म्हणायचा, "चालतंय."

"लग्न झाल्यापासून माझ्या हातापेक्षा त्या हबला जास्त वेळा हात लावलायस," मार्डेल एकदा म्हणाली.

ऑरिननं त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. "तुला ग्रीस लागत नाही," तो म्हणाला.

यंदा एप्रिलमध्ये तो शेडमध्ये शिरला तेव्हा मोठ्या दाराबाहेर अजून छातीएवढं बर्फ होतं. बाजूच्या छोट्या दारापाशी तेवढी पायवाट होती, ती मार्डेलची. ऑरिन घरात रेडिओवर गव्हाचे भाव कान फाटेस्तोवर ऐकतो म्हणून हिवाळाभर ती दुपारची थर्मास आणि विणकाम घेऊन ट्रेलरमध्ये येऊन बसायची. ट्रेलर नेहमीसारखा लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेला. टायरवर हिवाळाभर भार नको, म्हणून दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर.

ऑरिननं खोके उघडले, चिंध्या काढल्या, रॉकेल ओतलं. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, डाव्या हबवर हात ठेवला.

हब कोमट होता.

२

'ऊन,' ऑरिनच्या मनानं ताबडतोब सांगितलं. पण शेडला त्या बाजूनं खिडकी नव्हती. श्वासाची वाफ दिसत होती. उघड्या डब्यातलं ग्रीस थंडीनं मेणासारखं घट्ट झालं होतं. उजवा हबही कोमट होता, जरा कमी.

त्यानं हबवरची टोपी काढली, पिन सरळ करून ओढली, नट सोडवला आणि बेअरिंग तळहातावर घेतलं. गेल्या ऑक्टोबरात त्यानं ते स्वतः धुऊन, बोटांनी दाबून दाबून ग्रीस भरलं होतं. ग्रीस मधासारखं होतं तेव्हा. आता ते काळंठिक्कर, पातळ, हजारो मैल दळून काढल्यासारखं झालं होतं. रॉकेलमध्ये धुतल्यावर आतल्या एका रोलरवर निळसर झाक दिसली. अशी झाक उष्णतेनं येते, आणि उष्णता फिरण्यानं.

मग त्यानं चष्मा पुसून टायर पाहिले. गेल्या ऑक्टोबरातच नवे बसवले होते. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. ते सगळे झडले होते. नक्षी निम्मी झिजली होती, आणि खाचेत लाल माती अडकली होती. ऑरिन उभा जन्म काळ्या मातीत राबला होता. लाल माती त्यानं कॅलेंडरवर पाहिली होती.

तो सरळ रस्ता ओलांडून व्हर्जिलच्या घरी गेला. व्हर्जिल मार्डेलचा धाकटा भाऊ. वय सत्तरीला टेकलेलं, पण गावात अजून धाकटा म्हणूनच ओळखला जायचा.

"माझा ट्रेलर नेला होतास?" ऑरिननं दारातच विचारलं.

"कधी?"

"ते तू सांग."

"दाजी, दाराशी छातीएवढं बर्फ आहे. कसा नेऊ? घडी घालून?"

"गवत कापायचं मशीन नेलंस तेव्हाही असेच कानांवर हात ठेवले होतेस."

"पण परत आणून दिलं ना?"

"पातं ठेवून घेतलंस."

व्हर्जिलनं कोट चढवला. "चल, बघू काय भूत शिरलंय ते," असं म्हणून निघाला, आणि पुन्हा आत जाऊन बायकोच्या स्वयंपाकघरातला, मांसात खुपसायचा थर्मामीटर घेऊन आला.

३

थर्मामीटरची सुई उजव्या हबच्या ग्रीसमध्ये खुपसून व्हर्जिल बराच वेळ उकिडवा बसला.

"अजून कच्चं आहे," तो म्हणाला. "पण शिजतंय."

"थट्टा पुरे."

"थट्टा मी करत नाहीये. मघापेक्षा दोन खुणा वर चढलंय." त्याच्या आवाजातलं हसू किंचित पातळ झालं. मग त्यानं कारणं शोधायला सुरुवात केली, आणि कारणं शोधण्यात व्हर्जिलचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. जमिनीखालून गरम झरा जात असेल. उंदरांनी घरटं केलं असेल, उंदीर अंगानं फार गरम असतात. मार्डेल आत शेगडी पेटवत असेल.

"शेगडीनं टायर झिजतात?"

"रबर हल्ली पूर्वीचं राहिलेलं नाही, दाजी."

ऑरिनला पटलं नाही, पण पटवून घ्यायची फार इच्छा होती. माणसाला असं कारण हवं असतं की जे रात्री उशीखाली ठेवून झोपता येईल. त्यानं दोन्ही बेअरिंगांत नवं ग्रीस भरलं, मागचं सील बदललं, चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग किंचित सैल सोडून नवी पिन घातली. आणि एवढं झाल्यावर दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवून ठेवली. उघडे हब घोड्यांवर हवेत राहिले.

"आता जा कुठं जातोस ते," तो ट्रेलरला म्हणाला.

व्हर्जिल हसला नाही. त्यानं थर्मामीटर पुसला, खिशात ठेवला, पुन्हा काढला, आणि म्हणाला, "हा आता स्वयंपाकघरात परत नेता येणार नाही. ग्रीस लागलंय."

४

संध्याकाळी जेवताना मार्डेलनं बटाटे आणि खिम्याचं गरम भांडं टेबलावर ठेवलं आणि बाह्या वर सारल्या. ऑरिननं पाहिलं. तिचा डावा हात कोपरापर्यंत तांबूस झाला होता, उन्हाळ्यात गाडीच्या खिडकीत हात ठेवून लांब प्रवास केल्यासारखा. उजवा हात पिठासारखा पांढरा.

"हाताला काय झालं?"

"कुठं काय?"

"एक हात भाजलाय तुझा."

तिनं दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले, जणू ते नुकतेच कुणीतरी आणून दिले होते. "त्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी होतं असं," ती म्हणाली.

गोळ्या एकाच हाताला कशा लागू पडतात हे विचारावं असं ऑरिनच्या ओठांवर आलं. पण तो बटाटे खात राहिला. मार्डेल मात्र थोड्या वेळानं, खाली मान घालून, म्हणाली, "चाकं काढलीस."

"हो."

"मला विचारायचंस तरी."

रेडिओवर गहू वधारला होता. ऑरिनला तो ऐकूच आला नाही.

५

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात बायका बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटायला जमल्या, तिकडं मार्डेलही गेली. ऑरिन दुपारच्या जेवणानंतर एकटाच ट्रेलरमध्ये शिरला आणि टेबलापाशी, मार्डेलच्या जागेवर, डाव्या खिडकीला टेकून बसला.

आत बाहेरच्यापेक्षा ऊब होती. सगळं नेटकं होतं. आकड्यांना टांगलेले चार कप, कपाटाच्या दाराला लावलेली खिट्टी, लोकरीचे दोन गुंडे. पडदे बंद. पुढच्या बाजूची, ओढणाऱ्या गाडीकडं बघणारी जी रुंद खिडकी होती, तिचा पडदा तर कडेनं पिना लावून भिंतीशी पक्का टाचलेला. ऑरिनला ते विचित्र वाटलं. पण शेडमध्ये तसंही पुढं दार सोडून काय दिसणार?

तो बसून राहिला. छताचा पत्रा आकसल्यासारखा टचकन वाजला. कुठं तरी पाणी ठिबकत होतं. त्याला स्वतःचंच हसू यायला लागलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, दिवसाढवळ्या, कपांवर पाळत ठेवून बसलाय. व्हर्जिलला कळलं तर पुढच्या नाताळापर्यंत पुरवून पुरवून सांगेल.

चारही कप एकदम मागं झुकले. मग हळूच सरळ झाले आणि डुलायला लागले, एका तालात.

'भूकंप,' ऑरिनच्या मनानं सांगितलं. नॉर्थ डकोटात भूकंप होत नाही हेही त्यानंच पाठोपाठ सांगितलं.

पिवळ्या पडद्याआड उजेड वाढला. शेडच्या त्या बाजूला नुसती लाकडी भिंत होती, आणि पडद्यावर ऊन पडलं होतं. उन्हातून एक सावली सरकली, मग तशीच दुसरी, मग तिसरी, ठरावीक अंतरानं. तारेच्या खांबांच्या सावल्या अशाच सरकतात. पायांखालची फळी बारीक थरथरत होती. एवढं सगळं ऑरिननं कसंबसं सोसलं असतं. पण मग त्याच्या कानांवर तो आवाज आला.

डावीकडून. खालून. घशात कफ अडकलेल्या म्हाताऱ्यासारखी घरघर.

बेअरिंग कोरडं पडलं होतं.

पडदा बाजूला करून बाहेर बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही. दार उघडून तो धडपडत बाहेर पडला, आणि शेडच्या गार सिमेंटवर गुडघ्यांवर आपटला. ट्रेलर घोड्यांवर निमूट उभा होता. चाकं भिंतीशी होती. ऑरिननं उघड्या हबला हात लावला आणि किंचाळून मागं घेतला. तळहातावर टरारून फोड आला.

चाकं नव्हती, तरी तो गेला होता. नुसत्या हबवर. कसल्या रस्त्यावरून कुणास ठाऊक. ऑरिन तिथंच बसून फोडावर फुंकर घालत राहिला, आणि भीतीच्याही वर त्याच्या मनात एक विचार चढून बसला, की हे फार चुकीचं आहे, निदान टायर तरी हवेत.

६

"कधीपासून?" त्यानं हाताला पट्टी बांधून घेताना विचारलं.

मार्डेलनं गाठ मारली. "नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमाराला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस. नाहीतर बरोबर आला असतास आणि दर पाच मैलांनी खाली उतरला असतास."

"जातो कुठं?"

"पुढं." तिनं खांदे उडवले. "सुरुवातीला इकडचंच दिसायचं. मग डोंगर लागले. मग असं काही, की ते मला नकाशात सापडलं नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना! पहिल्यांदा तर विणकामाचे टाके सगळे सुटले माझे. पण भीती वाटत असली तरी खिडकीतून बघता येतं, ऑरिन. मला इतकी वर्षं वाटत होतं, आधी भीती जायला हवी."

"परत येतो?"

"जेवायच्या आत येतो." ती थांबली. "अजूनपर्यंत तरी."

तिला थांबवावं, शेडला कुलूप घालावं, ट्रेलर जाळावा, हे सगळं एकामागून एक ऑरिनच्या डोक्यात येऊन गेलं. पण मार्डेलकडं पाहिलं तर तिचा चेहरा इतका टवटवीत दिसत होता की तसा त्यानं एकदाच पाहिला होता, माँटॅनाच्या अलीकडं. आणि दुसरं म्हणजे, कुलूप घातलं तरी जे जाणार ते जाणारच होतं. चाकं काढून काय झालं ते त्याच्या तळहातावरच होतं. नकाशात नसलेल्या त्या रस्त्यावर डावं बेअरिंग गेलं, तर तिथं मार्डेलला मदतीला कोण येणार? किंवा मदतीला कोण येईल, हा विचार तर आणखी वाईट होता.

सकाळी त्यानं दोन्ही बाजूंची बेअरिंगं बाहेरच्या कड्यांसकट नवी घातली. आयुष्यात भरलं नसेल असं ग्रीस भरलं. चाकं चढवली, नट आडव्याउभ्या क्रमानं आवळले, हवा भरली, एक जास्तीचं चाक आणि जॅक आत पलंगाखाली ठेवला.

"दुपारी मी पण येतो," तो म्हणाला.

"उतरायचं नाही," मार्डेल म्हणाली.

"बरं."

७

कप झुकले, पडद्यावर ऊन आलं. मार्डेलनं थर्मासमधून दोन पेल्यांत कॉफी ओतली, आणि पेल्यांतली कॉफी एका बाजूला कलली ती कललेलीच राहिली. चढण होती. ऑरिन कान देऊन बसला. नवी बेअरिंगं गात होती, एकसारखी, बारीक. मार्डेलनं डावा पडदा सारला तेव्हा त्यानं आधी डोळे मिटले, मग एक उघडला. करडं आभाळ, ओली जमीन, आणि खूप दूर कशाची तरी एक लांबच लांब रेघ. ती रेघ हलत होती असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं ती पुन्हा पाहिली नाही.

बरंच अंतर गेल्यावर त्याचे पाय चुळबुळ करायला लागले.

"ऑरिन," मार्डेल म्हणाली.

"नवं बेअरिंग आहे. पहिल्या फेरीत बघावंच लागतं."

"तू बरं म्हणाला होतास."

"बरं म्हणालो, हो म्हणालो नव्हतो." तो उठला. ट्रेलर थांबवायचा कसा हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं जे सुचलं ते केलं. पुढच्या भिंतीवर, त्या टाचलेल्या पडद्याशेजारी, बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं.

ट्रेलर थांबला. अगदी हळू, सांगितल्यासारखा.

मार्डेलच्या हातातला पेला खाली आला. "मी असं कधी केलं नव्हतं," ती हलक्या आवाजात म्हणाली.

ऑरिन उतरला. पायांखाली खडी होती, वारा ओला होता आणि कुठंच काही वाजत नव्हतं. वाकून त्यानं डाव्या हबवर पट्टी नसलेला हात ठेवला. कोमट. छान कोमट. त्याला इतकं बरं वाटलं की आपण कुठं आहोत हेच तो विसरला, आणि तळ्याच्या वाटेवर नेहमी जायचा तसा उजवं चाक बघायला पुढच्या बाजूनं वळसा घालून निघाला.

आजवर त्यानं चाकांचा विचार केला, आसेचा केला, टायरचा केला. ओढतंय कोण, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

तो पुढं गेला आणि उभा राहिला. उभा राहिला म्हणजे पाय थांबले. समोर जे होतं ते खाली मान घालून धापा टाकत होतं आणि त्याच्याकडं बघत नव्हतं, एवढं बरं होतं. ऑरिनची नजर वर जायला तयार नव्हती. ती जिथं जोडणीचं लोखंड त्याला टेकत होतं तिथं खिळली, आणि तेवढंच त्यानं पाहिलं. मग तो पाठ न दाखवता मागं मागं येत, उजवं चाक न बघताच, दारातून आत आला आणि कडी लावली.

ट्रेलर निघाला.

"पुढं पाहिलंस?" मार्डेलनं विचारलं.

"हं."

"मग?"

ऑरिननं कॉफीचा घोट घेतला. "बेअरिंगं ठीक आहेत," तो म्हणाला.

जेवायच्या वेळेआत दोघं शेडमध्ये होती.

८

सकाळी व्हर्जिल आला, तेव्हा ऑरिन ट्रेलरच्या पुढच्या टोकापाशी बसला होता. गाडीला जोडायचं लोखंडी तोंड त्यानं घासून गुळगुळीत केलं होतं आणि त्याच्या कडांवर बोटानं ग्रीस चोळत होता, जपून, जखमेवर मलम लावावं तसं.

"दाजी, तिथं कशाला?" व्हर्जिल म्हणाला. "तिथं काही फिरत नाही."

"टोचतं."

"कुणाला?"

ऑरिननं हात पुसले. "मान पार सोलवटलीय बिचाऱ्याची," तो म्हणाला. "हिवाळाभर ओढतंय, आणि आम्ही आत बसून कॉफी पितोय. तुझ्या गोठ्यात जुनं जाड घोंगडं आहे ना?"

व्हर्जिलनं शेडचं मोठं दार पाहिलं. बाहेर बर्फ तसंच होतं, एकही पाऊल न उमटलेलं. त्यानं हसायला तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही.

"घोड्याचं एक आहे," तो म्हणाला. "चालेल?"

ऑरिननं दोन्ही हात फाकून काहीतरी मोजून पाहिलं. मग हात आणखी फाकले, आणखी फाकले, आणि शेवटी खाली सोडले.

"किती आहेत?" त्यानं विचारलं.